गावानं न दिलेला खांदा

तळेगाव स्टेशनाच्या पलीकडे एक भाताची गिरणी बंद पडून होती. १९२२ साली डॉक्टर माधवराव खांबेट्यांनी सरकारी नोकरीवर लाथ मारली आणि त्या गिरणीत बारा खाटांचा दवाखाना काढला. मागच्या कोठारात डॉक्टर घडवायची शाळा सुरू केली. पंचवीस वर्षांनी तिची स्मरणिका निघाली. तोवर शाळा बंद होऊन नुसता दवाखाना उरला होता, पण स्मरणिका काढायची हौस काही बंद होत नाही. तीत देणगीदारांचे फोटो आहेत, पगडीवाल्या पाहुण्यांचे संदेश आहेत, डॉक्टरांच्या टांग्याच्या घोड्यावरसुद्धा चार ओळी आहेत. महिपती वाघोले हे नाव मात्र एकशे बारा पानांत कुठेही नाही. ते छापलं असतं तर त्याच्या आईबद्दलही छापावं लागलं असतं, आणि तेवढी छाती त्या संपादक मंडळात कोणाची नव्हती.

महिपती शिरगावच्या पुढे, पवनेच्या काठावरच्या खडकवाडीचा. तीस-पस्तीस उंबऱ्यांची वाडी. सगळे शेतकरी, सगळे भाऊबंद, आणि म्हणूनच एकमेकांच्या वाइटावर टपलेले. महिपतीची भाताची दोन खाचरं होती. माणूस उंचापुरा, अंगानं दणकट, पण कोणी आवाज चढवला की याची वाचा बसायची. धोतराचा सोगा चाचपत तो खाली बघत राहायचा. घरातलं सगळं बोलणं त्याच्या आईनं, धोंडाबाईनं, आपल्या अंगावर घेतलं होतं आणि ती ते चौघांना पुरून उरेल इतकं करायची. तिच्या तोंडाला लागायला वाडीतले भले भले कचरायचे.

१९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. लोक तिला मानमोडी म्हणत. धोंडाबाईचा नवरा वाडीतल्या पहिल्या तिघांत गेला. मग घरोघर माणसं मरू लागली आणि ज्यांच्या पायांत बळ होतं त्यांनी वाडी सोडली. पाटलाचा मुलगा भिमाजी तर मेलेल्या बापाला आत ठेवून, दाराला कडी घालून लोणावळ्याला बहिणीकडे पळाला. धोंडाबाईनं गाडी जुंपली. वीस वर्षांच्या महिपतीनं अकरा दिवसांत चौदा मुडदे उचलून गाडीत घातले आणि नदीवर नेले. बाईमाणसानं मसणवटीत जायचं नसतं, पण ती प्रत्येक वेळी बैलांच्या पुढे होती. तेव्हा शास्त्र सांगायला वाडीत कोणी शिल्लक नव्हतं.

त्या अकरा दिवसांत महिपतीला एक गोष्ट कळली. मेलेला माणूस अंगावर ओरडत नाही. जिवंत माणसांपुढे कायम दबून राहिलेल्या त्या पोरग्याला मुडद्यांची भीती वाटेनाशी झाली.

ही गोष्ट उडत उडत खांबेटे डॉक्टरांच्या कानावर गेली. डॉक्टरांची अडचण अशी होती: माणसाचं शरीर उघडून पाहिल्याशिवाय डॉक्टर तयार होत नाही, आणि बेवारशी मुडदे सरकार देई ते फक्त मान्यता मिळालेल्या शाळांना. मान्यता मागावी तर साहेब विचारत, तुमच्या विद्यार्थ्यांनी मुडदे किती पाहिले? डॉक्टर पत्रांवर पत्रं लिहीत आणि तिकडून तेच उत्तर येई. शेवटी त्यांच्याच दवाखान्यात ज्यांचं कोणी नाही असा एखादा गोसावी, एखादा रेल्वेवरचा परदेशी मजूर मरे, त्यावर शाळा चालायची. पहिल्या तीन वर्षांत शाळेला साडेतीन मुडदे मिळाले. अर्धा अशासाठी की एकाचा चुलता ऐन मध्यावर उगवला आणि उरलेला पुतण्या मागून घेऊन गेला.

या मुडद्यांना हात लावायला माणूस मिळेना. १९२४ साली डॉक्टरांनी महिपतीला बोलावून घेतलं. मुडदा धुवायचा, मांडीतली नस उघडून तीत फॉर्मॅलिन भरायचं, औषधाच्या हौदात बुडवून ठेवायचा, वेळ येईल तेव्हा टेबलावर काढायचा. महिपती हे काम इतक्या निगुतीनं करी की वर्षभरात डॉक्टरांपेक्षा त्याला नस लवकर सापडू लागली. अक्षरशत्रू माणूस, पण विद्यार्थी हळूच त्यालाच विचारत, महिपती, ती दंडातली कुठून जाते रे? वाडीत मात्र त्यानं सांगितलं होतं की आपण दवाखान्यात खाटा पुसतो. खरं फक्त आईला ठाऊक होतं.

आणि देशसेवेचं व्रत घेतलेल्या या डॉक्टरांच्या घरी महिपतीला पाणी कसं मिळायचं? मागच्या पायरीवर ओंजळ धरून बसायचं आणि बाईंनी तांब्यानं वरून ओतायचं. व्याख्यानात ते सगळे भारतमातेचे पुत्र असायचे, ते मोठ्या हॉलमध्ये. मागच्या पायरीवर तसं काही नसायचं.

पुढच्या वर्षी भिमाजी, आता पाटील झालेला, अंतर्गळाच्या ऑपरेशनला दवाखान्यात आला. चौथ्या दिवशी परसाकडे जाताना त्यानं चुकीचं दार ढकललं. आत महिपती एका मुडद्याचा पाय काखेत धरून साबणानं धूत होता. दोघांची नजरानजर झाली. भिमाजी टाके पोटाशी धरून तसाच बाहेर पडला आणि मिळेल त्या बैलगाडीनं वाडीला पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीसमोर वाडी गोळा झाली. भिमाजीनं पंचांच्या वतीनं सांगितलं, "मराट्याच्या पोटी येऊन ह्यो मुडदे चिरतो. त्याच हातानी हितं आपल्या पंगतीला बसतो. काम सोडायचं, नदीवर शुद्धी घ्यायची, गावाला जेवान घालायचं आनि पायतान डोईवर घिऊन माफी मागायची. न्हाई तर वाळीत."

महिपतीनं खाली बघत मान हलवायला सुरुवातही केली होती. त्याला नोकरीपेक्षा ही माणसं हवी होती, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण बायकांच्या बाजूनं धोंडाबाई पुढे आली.

"भिमाजी, तुझा बाप तीन दिस घरात सडत पडलता," ती म्हणाली. "तू लोनावळ्याला भनीच्या घरी दडून भाकरी मोडत हुतास. ह्यानंच त्याला भाईर काडला, ह्याच हातानी. तवा तुझा धरम कुटं गेलता? आनि तुमी रं समदी? कुनाची आय, कुनाचा चुलता, नावं घिऊ का येकेकाची?"

"ती साथ हुती, म्हातारे. तवाची गोष्ट येगळी."

"व्हय, येगळीच. तवा तुमची फाटली हुती."

बायकांत कोणीतरी हसलं. भिमाजीला ते हसू झोंबलं. तो दोन पावलं पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लय बोललीस. आता माजं ध्यानात ठेव. तुझा ल्योक माफी मागंस्तवर तू मेलीस तर ह्या गावातला येक खांदा तुला मिळायचा न्हाई. बघू तुला कोन काडतं घरातनं."

"नगं तुमचा खांदा," म्हणून धोंडाबाई मुलाचा दंड धरून त्याला घरी घेऊन गेली.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांना ते मोठं काही वाटत नाही. कोणी मारत नाही, कोणी शिव्या देत नाही. न्हावी येत नाही. गुरव दारावरून पुढे जातो. विहिरीवर सगळ्यांचं झालं की मग आपली घागर. आणि मावळात भाताच्या लावणीला एकमेकांच्या खाचरात उतरल्याशिवाय भागत नाही. महिपतीच्या खाचरात सहा पावसाळे तिघंच उतरली, तो, आई आणि बायको बयाबाई. निम्मी रोपं लावायच्या आधी पिवळी पडायची. लेक रतन मोठी होऊ लागली तशी बयाबाईची धुसफूस वाढली. ती सासूशी बोलणं टाकून भांड्यांशी बोलायची, आणि ती भांडी फार आपटायची.

"येक माफी," ती नवऱ्याला म्हणे. "येक माफी मागून सुटला असता. पर तुमच्या आयचं नाक मदी आलं."

दिवसभर शाळेत मुडद्यांजवळ बसलेला माणूस संध्याकाळी वाडीत शिरताना चावडीवरचं कोणी आज तरी हाक मारेल म्हणून चाल सावकाश करायचा. सहा वर्षांत एकदाही कोणी मारली नाही.

धोंडाबाई मात्र वरून ताठ होती. पाण्यावरून, सणावरून, लावणीवरून ती वाडीला रोज नवी शिवी द्यायची आणि जेवायला बसायची. फक्त एका गोष्टीचं हसू तिला करता येत नव्हतं. वाडीत कोणी गेलं की ती उंबऱ्यात उभी राहून तिरडीखालचे खांदे मोजायची. मग दिवसभर तिचं तोंड बंद असायचं आणि भाकरी थापता थापता मध्येच मुलाला विचारायची, "महिपती, माजी माती कोन रं काडनार?" महिपतीला भाऊ नव्हता, चुलतभाऊ त्या चावडीवर बसलेले. चौघं लागतात आणि घरात पुरुष एक. तिला त्या गोष्टीची खरोखर भीती वाटत होती, आणि भिमाजीला ते बरोबर ठाऊक होतं.

१९३१च्या फाल्गुनात तिचे पाय सुजले, धाप लागू लागली. महिपतीनं तिला गाडीत घालून तळेगावला आणलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि महिपतीला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, महिना-दीड महिना. ती दोघं कुजबुजतात हे पाहून खाटेवरून आवाज आला, "हितं या आनि माज्या तोंडावर बोला. किती दिस?"

डॉक्टरांनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तुमच्या हौदात आता कोन हाय?" तिनं विचारलं.

डॉक्टर चपापले. हौद चार महिने रिकामा होता आणि जूनमध्ये मुंबईहून तपासणीला साहेब यायचा होता. महिपतीनंच बोलून टाकलं, "कोन बी न्हाई, आये."

"मग मला घ्या," ती म्हणाली.

"आये!" महिपती ओरडला. जन्मात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला असेल.

"तू गप. डागदर, तुमाला मडं पायजे, मला खांदा पायजे. माजा अंगठा घ्या कागदावर. पर मी दवाखान्यात मरनार न्हाई, माज्या घरात मरनार. तितनं मला तिरडीवर काडायची, चावडीम्होरनं, भिमाजीच्या दारावरनं. तुमच्या पोरांनी खांदा द्यायचा. आनि म्होरला खांदा तुमचा."

"आजीबाई, हे भलतंच आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या गावचे अडाणी लोक माझी शाळा जाळतील. आणि माझं म्हणाल तर... आमच्यात दुसऱ्या जातीच्या... तुम्ही समजून घ्या."

"समजलं की. माज्या ल्योकाला सात वरसं तुमी वरनं पानी घालताय, त्येच न्हवं? जित्यापनी न्हाई शिवला त्याला. आता मला तुमची पोरं आतनं भाईरनं शिवनार, आनि तुमाला दांडा खांद्यावर घ्यायची लाज वाटती. मग ऱ्हाऊ द्या. नदीत टाकील मला माजा ल्योक, मासं खातील. साहेबाला रिकामा हौद दावा."

डॉक्टर लाल झाले. एवढं उघडं त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं. ते खोलीबाहेर गेले, व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. स्टेशनमास्तर आणि कंपाउंडर साक्षीला उभे राहिले, धोंडाबाईनं अंगठा उठवला आणि बोटाची शाई डॉक्टरांच्याच चादरीला पुसली. बाहेरच्या पायरीवर बसून महिपती रडत होता. त्यात आईवरची माया होती तितकाच तिच्यावरचा रागही होता. तिनं त्याला विचारलंच नव्हतं.

परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मी मेल्यावर तुला माफी मागायची बुद्धी व्हईल. तू तुज्या बापावानी मऊ हायस. मागायची असंल तर माग बाबा, पर मला पोचवून मग माग."

चैत्रातल्या एका सकाळी, उन्हं अंगणात यायच्या सुमाराला, ती गेली. महिपती पायी तळेगावला गेला आणि दुपारच्या आत डॉक्टरांना आणि सतरा विद्यार्थ्यांना घेऊन आला. बयाबाईनं सासूला न्हाऊ घातलं. तिरडी महिपतीनंच बांधली. वाडीनं बांबू दिला नाही, त्यानं गोठ्याचा वासा काढून चिरला. डॉक्टरांनी काळी टोपी काढून कंपाउंडरकडे दिली आणि न बोलता पुढचा उजवा दांडा उचलला. दुसऱ्या बाजूला तळेगावचा अनंत टिल्लू नावाचा विद्यार्थी होता, जो पहिल्या वर्षी मुडदा पाहून दोनदा चक्कर येऊन पडला होता. अशी धोंडाबाई घरातून निघाली, आणि खरं सांगायचं तर वाडीतल्या कोणत्याच बाईच्या तिरडीमागे इतकी शिकलेली माणसं तोवर चालली नव्हती.

चावडीवर सगळी वाडी उभी होती. कोणी हात जोडले नाहीत. बायका अर्ध्या दाराआडून बघत होत्या. चावडीच्या पुढे वाट फुटते; खालची पवनेकडे मसणवटीला, वरची शिरगावच्या रस्त्याला. त्या फाट्यावरच विसाव्याचा दगड आहे. तिथे तिरडी क्षणभर खाली टेकवायची, तांदळाचे चार दाणे ठेवायचे, पुढच्यांनी मागे आणि मागच्यांनी पुढे होऊन खांदा बदलायचा आणि मग पुढे जायचं, अशी रीत. ती रीत महिपतीला मोडवली नाही. तिरडी दगडाशी टेकली आणि तेवढ्यात भिमाजीचं लक्ष महिपतीच्या हातांकडे गेलं. ते रिकामे होते.

"महिपती," भिमाजी चावडीवरून उतरत म्हणाला, "इस्तवाचं मडकं कुटं हाय?"

तिरडीपुढे मुलाच्या हातात विस्तवाचं मडकं असतं. त्यातल्या विस्तवानं चिता पेटते. महिपतीनं खाली बघितलं. उत्तर अनंतानं दिलं, आणि शिकलेल्या पोरांच्या त्या ठसक्यात दिलं, "त्या जळायला जात नाहीत. आमच्या शाळेत येताहेत. स्वतःच्या मर्जीनं."

वाडीला समजायला थोडा वेळ लागला. मग एकच गलका उठला. माणसं धावत फाट्यावर आली, दोघांतिघांच्या हातात काठ्या होत्या. त्यांनी वरची वाट अडवली.

"आमच्या गावची बाई बामनाच्या पोरांनी कापायची?" भिमाजी ओरडला. "आमी काय मेलोत व्हय समदे? सोडा ती तिरडी!"

पोरं दांड्यांपाशी जवळ सरकली. डॉक्टर घामाघूम झाले होते. भिमाजी महिपतीसमोर आला आणि एकदम आवाज उतरवून बोलू लागला. सहा वर्षांत त्यानं महिपतीसाठी काढलेला तो पहिला गोड शब्द होता.

"हे बग भावा. झालं गेलं गेलं. आमी देतो खांदा. खाली नदीवर निऊ, लाकडं माज्या घरची. शुद्धी नगं, जेवान नगं. उद्यापासनं न्हावी यील, तुज्या खाचरात समदी वाडी उतरंल. तुज्या रतनला जागा मी बगतो. मग तर झालं?"

महिपतीला सहा वर्षं जे हवं होतं ते सगळं त्या दगडापाशी मांडून ठेवलं होतं. बयाबाई मागून म्हणाली, "व्हय म्हना. धनी, पाया पडते, व्हय म्हना." आणि डॉक्टर, ज्यांनी दोन फर्लांगांत दोनदा खांदा बदलून घेतला होता, तेही हळू आवाजात म्हणाले, "महिपती, तू म्हणशील तसं. मी कागद फाडून टाकतो." सुटका त्यांनाही हवीच होती. तिरडीवरची बाई सोडली तर तिथल्या एकूण एक माणसाचं एकमत झालं होतं.

महिपतीनं आईकडे पाहिलं. त्याची मान हलायला लागली होती. भिमाजीनं ती पाहिली आणि त्याला तेवढ्यावर थांबता आलं नाही. "फकस्त येक कर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हितं गावाला हात जोड आनि म्हन, माज्या आयची चूक झाली. बास. येवडंच."

"न्हाई झाली चूक," महिपती म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की मागच्यांना तो ऐकूही गेला नाही. भिमाजी म्हणाला, "काय?"

"तिची चूक न्हाई झाली." आता तो वर बघत होता. "सा वरसं ती मला इचारीत हुती, माजी माती कोन काडनार. परत परत इचारायची. तुमच्यातल्या येकानं दारात यून सांगायचं हुतं, म्हातारे, भिऊ नगंस, आमी हाय. येकानं. ती भीत भीत मेली, भिमाजी. आता तुमचा खांदा तिच्या काय कामाचा? सरका."

कोणी सरकलं नाही. महिपती डॉक्टरांकडे वळला. मुलानं खांदा द्यायचा नसतो, त्याच्या हातात विस्तव असतो. पण आज हात मोकळे होते. त्यानं डॉक्टरांना बाजूला केलं, पुढचा दांडा स्वतः खांद्यावर घेतला आणि चालू लागला. एवढा दणकट माणूस सरळ अंगावर येतोय म्हटल्यावर काठीवाले दोन्हीकडे झाले. मागून दगड आले. एक अनंताच्या कानाला लागून रक्त आलं, पण त्यानं दांडा सोडला नाही. बयाबाई फाट्यावरच बसून राहिली. ती नवऱ्यामागे तळेगावला आली ती तिसऱ्या दिवशी, रतनला आणि भांड्यांना घेऊन. खडकवाडीतलं घर त्या दिवसापासून बंद झालं.

शाळेत पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, "महिपती, आज तू बाहेर बस. मी करतो."

"तुमाला नस लवकर गवसत न्हाई," महिपती म्हणाला. "उगं टोचत बसाल तिला." आणि त्यानं दार लोटून घेतलं. दीड तासानं बाहेर येऊन त्यानं हात धुतले. डॉक्टरांच्या बायकोनं त्या दिवशी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. तो त्यानं खाली ठेवला आणि नळावर जाऊन पाणी प्यायला.

जूनमध्ये साहेब आला, त्यानं टेबल पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं. मान्यता आली ती आणखी दोन वर्षांनी, आणि तीही अर्धवट. सतरा विद्यार्थी मात्र धोंडाबाईवर शिकले. पहिल्या दिवशी महिपती बाहेर भिंतीला पाठ लावून बसला होता. आत अनंत टिल्लूचा हात दंडाशी चुकतोय हे दारातून दिसलं तसा तो उठून आत आला. "तितं न्हाई," तो म्हणाला. "वर. दोन बोटं वर. हां, आता सावकास." मग तो रोजच आत उभा राहू लागला. त्या सतरा जणांतले सहा जण पुढे मावळातच दवाखाने थाटून बसले. कामशेत-लोणावळ्यापर्यंतच्या लोकांचे दंड त्यांनी तपासले, त्यात खडकवाडीचेही असतील.

मार्गशीर्षात शाळेचं काम संपलं. टेबलावर जे उरलं होतं ते महिपतीनं स्वतः वेचलं, धुतलं, एका नव्या पंच्यात बांधलं. कणभरही मागे ठेवलं नाही. डॉक्टर टांगा देतो म्हणाले. तो नको म्हणाला आणि पायी निघाला. सोमाटण्यावरून, शिरगावावरून, खडकवाडीच्या चावडीसमोरून. हातात विस्तवाचं मडकं होतं.

भिमाजी चावडीवर एकटाच ऊन खात बसला होता. आठ महिन्यांनी हा माणूस समोरून येताना पाहून तो उठला. भांडायला उठला की कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. महिपतीच्या खांद्यावरच्या गाठोड्याकडे बघत त्यानं विचारलं, "काय हाय रं त्यात?"

"आय हाय माजी," महिपती म्हणाला. "चौघं नगंत आता. येकट्याला पेलती."

आणि तो खालच्या वाटेनं नदीकडे उतरला.